बाविसाच्या पुढचा स्टॉप

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणाचा गैरसमज नको. या ग्रुपवरचे निम्म्याहून जास्त अनुभव मला पुचाट वाटतात. रस्त्यात बाई दिसली, तिचे पाय उलटे होते, वळून पाहिलं तर गायब... आणि खाली रांगेनं 'बापरे, काटा आला'. मला कधी काटा आलेला नाही. मी हे सगळं दुपारी डबा खाताना करमणूक म्हणून वाचतो. माझी बायको मेघना म्हणते, तू वाचतोस कमी आणि नाक जास्त मुरडतोस. तिचं बरोबर आहे.

हा गुण मला वडिलांकडून मिळाला. अण्णा येरवड्याला पोस्टात हेडक्लार्क होते. आमचं घर बौद्ध, आणि अण्णांच्या भाषेत 'डोकं शाबूत असलेलं'. गल्लीत कोणी दाराला लिंबू-मिरची टांगली की अण्णा ती सोडवून घरी आणायचे आणि आईला म्हणायचे, लिंबू ताजं आहे, सरबत कर. आई करायची, आम्ही प्यायचो. कोणाला काही झालं नाही. अशा घरात वाढलेल्या माणसाला भूत दिसणं तसं कठीणच.

आता माझी नोकरी, कारण तिचा इथं संबंध आहे. मी सिंगापूरला आंग मो किओमध्ये राहतो आणि तिथल्याच इंडस्ट्रियल पार्कमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत टेस्टिंगचा मॅनेजर आहे. ज्याला बटणं असतात ते यंत्र बाजारात जायच्या आधी आमच्या टेबलावर येतं – दाराचं कुलूप, लिफ्टचं पॅनल, तिकिटाचं मशीन. लोकांना वाटतं टेस्टिंग म्हणजे यंत्र चालतंय का ते बघणं. चालतंय का ते बनवणारा बघतोच. आम्ही ते बिघडवायला बसतो. एक ते दहा आकडे चालत असतील तर आम्ही शून्य दाबणार, अकरा दाबणार, काहीच न दाबता ओके दाबणार. पंधरा वर्षं मी यंत्रांना चुकीचे नंबर देऊन पगार घेतोय. ही खोड घराबाहेरही जात नाही, हॉटेलच्या खोलीतल्या तिजोरीलासुद्धा मी आधी चुकीचा नंबर देतो. पुढचं सगळं या खोडीमुळेच घडलं.

तर, माझी आई दोन महिन्यांसाठी इथं आली होती. वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, पाठ अजून ताठ. मेघनानं मागे लागून तिला बोलावून घेतलं होतं, कारण आई आणि मी बोलत नव्हतो. म्हणजे 'चहा झालाय', 'पंखा कमी कर' एवढं व्हायचं. त्यापुढे काही नाही. मागच्या वर्षी अण्णा गेले तेव्हापासून हे असं चाललं होतं.

त्याचं असं झालं. एका रविवारी आईचा फोन आला की डॉक्टरांनी अण्णांना घरी न्यायला सांगितलंय, जमलं तर ये. बुधवारी आमच्याकडे एका मोठ्या कस्टमरचं ऑडिट होतं. मी गुरुवारचं तिकीट काढलं आणि आईला तसं कळवलं. मंगळवारी संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला – अण्णा दुपारी गेले. मिळेल त्या विमानानं निघालो, बुधवारी सकाळी येरवड्याला पोचलो, तर अंत्यविधी उरकलेला. नातेवाईक म्हणत होते, थांबू या, मुलगा वाटेत आहे. आईनंच थांबू दिलं नाही. थांबून काय करायचंय, एवढंच म्हणाली म्हणे.

ते मी मनाला लावून घेतलं. हिनं मला मुद्दाम शिक्षा केली, असं माझं मत झालं. त्यानंतर मी तिला तीनदा तरी विचारलं असेल – शेवटच्या दिवशी काय झालं, अण्णा काही बोलले का, माझं नाव काढलं का. तिन्ही वेळा एकच उत्तर: 'शांतपणे गेले.' प्रगतिपुस्तकावर शेरा मारावा तसं. त्या दुपारी त्या खोलीत ती आणि अण्णा दोघंच होते, त्यामुळे दुसऱ्या कोणाला विचारायची सोय नव्हती. आणि आता तिची परत जायची वेळ आली होती. सोमवारी सकाळचं विमान. मला स्पष्ट दिसत होतं की ही न सांगताच जाणार, आणि तिचं वय बघता पुढच्या भेटीचा भरवसा काय धरायचा? मला ते ऐकायचंच होतं. पण मागायला जायचं म्हणजे कमीपणा, म्हणून मी वरवर नुसती चिडचिड करत होतो.

शनिवारी मेघनानं डाव टाकला. म्हणाली मला क्लास आहे, आईंना तोआ पायोह भागातला तो जुना विहार बघायचाय, तुम्ही दोघं जाऊन या. आईनं असं काही म्हटलेलं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. पण सुनेला खोटं पाडायचं नाही म्हणून ती चप्पल घालून तयार झाली.

विहाराचं नाव लिहीत नाही. उगाच टॉर्च आणि कॅमेरे घेऊन जाणारे महाभाग या ग्रुपवर आहेत. तोआ पायोहच्या टाउन सेंटरपासून बसनं चार स्टॉप. एका बाजूला सरकारी फ्लॅट्सचे जुने ब्लॉक, दुसऱ्या बाजूला एक्सप्रेसवेची अखंड घरघर, आणि मध्ये हिरव्या कौलांचा हा विहार. शंभरेक वर्षांपूर्वी शेजारच्या कुठल्याशा देशाचा राजा बोटीनं इथं आला, दोन रात्री या विहारात झोपला आणि जाताना 'सागवान पाठवतो' म्हणाला. पाठवलं बिचाऱ्यानं. तेव्हापासून हा 'रॉयल' विहार. फाटकावर रॉयल, माहितीपत्रकावर रॉयल, शौचालयाकडे नेणाऱ्या पाटीवरही रॉयल. मी आईला म्हटलं, ज्यानं राजवाडा सोडला त्याच्या घरात यांनी राजा आणून बसवलाय. तिनं ऐकलं आणि पाटी वाचत राहिली.

काउंटरवर एक म्हातारी चिनी आंटी होती. तिनं ऑडिओ टूरचं यंत्र पुढे केलं. टीव्हीच्या रिमोटएवढं, वर आकड्यांची बटणं, एक कानात घालायची वायर. प्रत्येक जागी नंबराची पाटी आहे, तो नंबर दाबायचा आणि ऐकायचं, बावीस स्टॉप आहेत, आपल्या आपण फिरा. आईनं यंत्र घेतलं नाही. मला वाचता येतं, कानात कोणी बोलायला नको, म्हणाली. मी घेतलं – ऐकायची हौस म्हणून नाही, यंत्र कितपत बरं बनवलंय ते बघायला. बटणं हलत होती. दोन नंबरचं बटण जोरात दाबल्याशिवाय लागत नव्हतं. मी मनातल्या मनात रिपोर्ट लिहायला घेतला.

आवाज पुरुषाचा. इंग्रजी, आणि इतका गुळगुळीत की माणूस आयुष्यात कधी घसा खाकरला नसावा. प्रत्येक वाक्यानंतर एक मोठा श्वास, जणू आपण आता रडणार आहोत अशी त्याला खात्री होती. स्टॉप एक, फाटक. स्टॉप चार, घंटा, जी राजानं एकदा वाजवली. स्टॉप नऊ, राजाचा पलंग, भोवती मखमली दोरी. स्टॉप बारा, राजानं तोंड धुतलेलं घंगाळ. इतक्या गंभीरपणे घंगाळाबद्दल बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. मधल्या देवळासारख्या दालनात बुद्धाची मूर्ती होती, तिच्या वाट्याला आलं अर्धं मिनिट. पलंगाला तीन मिनिटं.

माणसंही तशीच. एक जोडपं मूर्तीकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होतं. एकानं लाल कागदावर 'प्रमोशन' असं लिहून तो झाडाला बांधला आणि नीट दिसावा म्हणून परत सरळ केला. मला हसू येत होतं. आई मात्र मूर्तीसमोर गुडघे टेकून बसली, हात जोडले, ओठ हलले, आणि उठून मागच्या अंगणात गेली. तिथं एक पिंपळ होता आणि त्याखाली सिमेंटचा बाक. मी लांबून पाहिलं, ती पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आपल्याला काही घाई नाही अशा थाटात. मला त्याचाही राग आला. दोन दिवसांत जाणार आहेस, बाई, आणि अजून शांतपणे बसतेस?

स्टॉप बावीस म्हणजे मागचा व्हरांडा. राजानं तिथं म्हणे सकाळचा चहा घेतला. आवाजानं आभार मानले, यंत्र काउंटरवर परत द्यायला सांगितलं, टूर संपली. तेव्हा साधारण सव्वाबारा झाले होते. लख्ख ऊन, व्हरांड्यात मी एकटा, समोर पांढरी भिंत आणि तिच्यावर आग विझवायचा लाल सिलिंडर. एवढंच. अंधार, धुकं, कुत्र्याचं रडणं असलं काही नव्हतं, ज्यांना ते हवं असेल त्यांनी इथंच थांबावं.

मी खोडीप्रमाणे शून्य दाबलं. टूं टूं वाजलं आणि तोच गुळगुळीत आवाज म्हणाला, हा नंबर चुकीचा आहे, कृपया पुन्हा प्रयत्न करा. ठीक. नव्याण्णव दाबलं. पुन्हा तेच. मग शेवटच्या नंबराच्या पुढचा – तेवीस. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त चुका तिथं सापडतात, शेवटच्या आकड्याच्या एक पाऊल पुढे.

टूं टूं वाजलं नाही. थोडा वेळ शांतता, मग तो नेहमीचा मोठा श्वास, आणि आवाज सुरू झाला. तो इंग्रजीत बोलत होता, मी आठवतं तसं मराठीत लिहितोय.

'स्टॉप तेवीस. तुमच्या समोर एक लहान खोली आहे. लोखंडी खाट खिडकीजवळ सरकवलेली आहे. खिडकीत पाण्याचा तांब्या आहे. त्याचं झाकण हरवलं असल्यामुळे त्यावर चहाची बशी ठेवली आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकोनाला निळ्या पेनानं गोल केलेला दिसेल.'

माझ्यासमोर भिंत आणि सिलिंडर. मी पहिल्यांदा काय विचार केला माहीत आहे? चुकीची फाइल लोड झालीय, कुठल्या तरी दुसऱ्या म्युझियमची. आणि मला चक्क आनंद झाला, सापडला बग. मग 'गुरुवार' डोक्यात शिरला – माझ्या तिकिटाचा दिवस.

आवाज त्याच सुरात पुढे चालला होता. घंगाळाबद्दल बोलला होता त्याच सुरात. खाटेवरच्या माणसानं त्या दुपारी तीन वेळा एकच प्रश्न विचारला: तो निघाला का? खाटेशेजारी खुर्चीवर एक स्त्री आहे. तिच्या हातात फोन आहे. फोनवर पलीकडे कोणीही नाही. तरी ती त्यात बोलते आहे, कारण खाटेवरचा माणूस तिच्याकडे बघतो आहे.

'ती विचारते: बसलास का विमानात? ती थोडं थांबते, उत्तर ऐकत असल्यासारखी. मग म्हणते: हो, सांगते त्यांना. ती फोन खाली ठेवते आणि माणसाला सांगते की मुलगा विमानात बसला. माणूस विचारतो की विमानात खायला काय देतात. स्त्री सांगते, उपमा देतात. त्यानंतर माणसानं काही विचारलं नाही. तुमची तयारी झाली की, आलात त्याच वाटेनं मागे जा.'

टूं टूं. संपलं.

मी काय केलं? मी टेस्टर आहे, मी परत तेवीस दाबलं. 'हा नंबर चुकीचा आहे, कृपया पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा दाबायला बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं. मी यंत्र घेऊन काउंटरवर गेलो आणि आंटीला विचारलं, तेवीस नंबरला काय आहे. तिनं माझ्याकडे, मग यंत्राकडे पाहिलं. 'ट्वेंटी-टू ओन्ली लाह,' ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, आणि मला पाण्याची बाटली दिली. माझा चेहरा तसा झाला असणार.

आता तुमच्यातले काही म्हणतील की उन्हानं डोकं फिरलं, मनातलंच ऐकू आलं. मीही तेच म्हटलं असतं, आणि तुमच्यापेक्षा तुसडेपणानं म्हटलं असतं. खाट माझी ओळखीची, खिडकी ओळखीची, कॅलेंडरही मी बुधवारी गेलो तेव्हा डोळ्यांखालून गेलं असेल, मान्य. पण फोनचं? उपम्याचं? मला जे माहीतच नाही ते माझ्या मनात कुठून येणार?

त्याच वाटेनं मागे गेलो. आई पिंपळाखाली तशीच बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो. वर्षभर जे प्रश्न मी फिर्यादीच्या सुरात विचारत होतो ते आता विचारता येईनात. शेवटी एवढंच म्हणालो, "आई, त्या दिवशी फोनवर पलीकडे कोणी नव्हतं ना?"

कोणत्या दिवशी, कोणता फोन, तिनं काही विचारलं नाही. पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं? मी कोणाला बोलले नाही."

मी कानातली वायर दाखवली आणि सांगितलं, सगळं, तांब्यावरच्या बशीपासून उपम्यापर्यंत. मला वाटलं ती घाबरेल, नाहीतर म्हणेल तुला बरं नाहीये, घरी चल. पण यंत्राचं तिला काही वाटलंच नाही. ती यंत्राकडे बघतही नव्हती. तिनं फक्त विचारलं, "त्याच्या आधीचं नाही सांगितलं त्यानं?"

मी म्हटलं, आधीचं काय.

"मी तुला खरंच लावला होता. तू कापलास."

इथं मला तुम्हाला एक सांगायचं आहे, जे मी वर लिहिलं नाही. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण मंगळवारी संध्याकाळी आलेला चुलतभावाचा फोन हा त्या दिवशीचा पहिला फोन नव्हता. दुपारी आम्ही ऑडिटच्या तयारीला बसलो होतो, डायरेक्टर समोर होता, टेबलावर फोन थरथरला आणि त्यावर 'आई' असं आलं. मी तो कापला. नुसता कापला नाही, तो तयार मेसेज असतो ना, एका बटणावर जाणारा, 'आत्ता बोलू शकत नाही, नंतर करतो', तो पाठवला. नंतर केला नाही. विसरलो असं मी स्वतःला सांगत आलोय. मेघनालाही माहीत नव्हतं. आज इथं पहिल्यांदा लिहितोय. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांना वर्षभर हसणारा हा माणूस स्वतःची ही एक गोष्ट मात्र कोणाला कळू देत नव्हता. थू आहे.

आई सांगत गेली, हळू, एकेक वाक्य. अण्णा एकटक तिच्या हाताकडे बघत होते. रिंग गेली, कापली गेली, आणि फोन तिच्या कानाशी तसाच होता. अण्णांना काय सांगायचं? तिला सुचलं ते ती बोलली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्याशी खोटं बोलली आणि ते ऐकून ते अर्ध्या तासात गेले, समाधानानं गेले. शांतपणे गेले, म्हणायची ते हेच. अंत्यविधीला माझ्यासाठी थांबली नाही, कारण मी आल्यावर अण्णांच्या समोर कोणीतरी विचारलं असतं की तू कधी निघालास. ते तिला अण्णांच्या देहासमोर ऐकायचं नव्हतं.

"तुला वाटलं मी रागावलेय," ती म्हणाली. "मला लाज वाटत होती. तेव्हापासून मी पंचशील म्हणते त्यात चारच म्हणते. खोटं बोलणार नाही हे तोंडातून निघत नाही. आत्ताही आत चारच म्हटली."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – आमच्याकडे वंदनेत पाच शीलं म्हणतात. चौथं खोटं न बोलण्याचं. चाळीस वर्षं शाळेत मुलांना खोटं बोललं म्हणून बाकावर उभं करणारी माझी आई वर्षभर चौथं गाळून म्हणत होती. आणि मी समजत होतो, बाई अकडूपणा करतेय.

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, ते खोटं नव्हे, तू त्यांना बरं वाटावं म्हणून... तिनं मला पुढे बोलू दिलं नाही.

"खोटंच होतं ते. उगाच गोड करू नकोस. पण ते माझं नव्हतं. तुझ्या वाटचं होतं, मी बोलले."

मी रडलो. सिमेंटच्या बाकावर, त्या प्रमोशनवाल्याच्या देखत. आईनं पाठीवर हात ठेवला नाही, ती तशी बाई नाही. पदराचं टोक पुढे केलं, तोंड पूस म्हणाली. मग थोड्या वेळानं, एकदम वेगळ्याच आवाजात, सांगितलं की इकडे येताना विमानातल्या मुलीला तिनं मुद्दाम विचारलं होतं, उपमा आहे का म्हणून. मुलगी नाही म्हणाली. तेवढं तरी खरं निघायला हवं होतं, म्हणाली. तिला रुखरुख त्याचीही होती.

सोमवारी ती गेली. एअरपोर्टवर आत जाईपर्यंत बोलत होती, जास्त करून माझ्या वजनाबद्दल.

आता स्पष्टीकरण. मी माझ्या परीनं सगळं केलं. ओळखीतून ते यंत्र बनवणाऱ्यांपर्यंत पोचलो. त्यांनी तपासून कळवलं की यंत्रात बावीस फाइली आहेत आणि एक चुकीच्या नंबराचा संदेश. बाकी काही नाही, बाहेरून काही यायची सोयही नाही. त्या दिवशीच्या नोंदीत शून्य, नव्याण्णव, तेवीस, तेवीस अशी बटणं दाबलेली दिसतात आणि चारही वेळा चूक दाखवलेली दिसते. मी परत दोनदा जाऊन आलो, वेगवेगळी यंत्रं घेऊन, त्या व्हरांड्यात उभा राहून. टूं टूं. मला अजूनही वाटत नाही की अण्णा कुठल्या यंत्रात शिरून इंग्रजीत बोलले. जिवंत असताना ते इंग्रजीत कधी बोलले नाहीत. तुमच्यातल्या कोणी 'आत्म्याला शांती हवी होती' असलं काही खाली लिहिलं तर मी उत्तर देणार नाही. जे घडलं ते मी सांगितलं, का घडलं ते मला कळलेलं नाही. ज्या माणसाला उत्तर नसलेली गोष्ट दाताखालच्या खड्यासारखी सलते, तो माणूस हे लिहितोय, म्हणजे काय ते समजा.

मागच्या पौर्णिमेला आईचा व्हिडिओ कॉल होता. ऑफिसमध्ये होतो, उचलला. तिनं फोन कपाटाला टेकवून ठेवला आणि वंदना म्हटली, पाची शीलं, चौथ्याला न थांबता. मी तिच्याबरोबर म्हटली. वयात आल्यापासून पहिल्यांदा म्हणत होतो, शब्द अडखळत होते. मी चारच म्हटली.